तिसरी तार : घरातल्या विजेचा थोडा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. इमारत कशी उभी राहिली, पहिल्या कमिटीने काय काय सोसलं, हे इतर सभासद लिहितीलच. मी विषय घेतला आहे तो आपल्या भिंतींच्या आत पंचवीस वर्षं मुकाट्याने पडून असलेल्या तारांचा. बीएस्सीला माझं भौतिकशास्त्र होतं. पुढे सारी नोकरी बँकेत गेली, पण ती आवड सुटली नाही. शिवाय सध्या दर मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी नूतनीकरण चालू आहे, तेव्हा हा इतिहास सांगायला हीच वेळ बरी.

थ्री-पिनचा पॉइंट समोरून बघा. उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरचं मोठं भोक अर्थिंगचं. हे तिघे आपल्या घरात एकाच वेळी आलेले नाहीत.

दोन तारांचा काळ

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू केलं आणि आसपासच्या ग्राहकांचे सुमारे चारशे दिवे लागले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते. पण ती कंपनी टिकली नाही आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेलं. मुंबईत वीज खरी रुजली ती १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आल्यावर. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली, १९१५ साली टाटांची जलविद्युत खोपोलीहून मुंबईत आली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, ती कंपनी महापालिकेकडे आली. तीच आपली बेस्ट.

विजेचा पहिला नियम असा की ती जिथून निघते तिथे तिला परत जावं लागतं. वाट पुरी झाल्याशिवाय प्रवाह नाही. लोकल गाडी बघा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी सुटली, तेव्हापासून गाडीच्या डोक्यावर तार एकच. मग परतीची वाट कुठली? पायाखालचे रूळ. घरात रूळ नाहीत, म्हणून दोन तारा लागतात. एक घेऊन येणारी, एक परत नेणारी.

गिरगावातल्या आमच्या चाळीत माझ्या लहानपणी एवढ्या दोनच तारा होत्या. भिंतीवर सागाची पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या छोट्या क्लिपांनी धरलेल्या रबरी वायरी, काळी गोल बटणं आणि दाराच्या वर चिनीमातीचा किटकॅट फ्यूज. खोलीत एक चाळीसचा दिवा आणि पुढे रेडिओ. लाकूड, काच आणि बॅकेलाइट एवढ्यावर संसार होता, तोवर दोन तारांत भागलं.

न्यूट्रल हे नाव कुठून आलं?

एडिसनला लवकरच तांब्याचा खर्च परवडेना. म्हणून त्याने दोन जनित्रं एकापुढे एक जोडली आणि त्यांच्या सांध्यातून मधली तिसरी तार काढली. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच योजलं. दोन्ही बाजूंना सारखे दिवे लागले तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही, कमीजास्त लागले तर फक्त फरक वाहतो. तांबं निम्म्याहूनही कमी लागू लागलं. ती मधली तार कुठल्याच बाजूची नाही, म्हणून न्यूट्रल.

आज आपल्याकडे तीन फेजची वीज येते. डीपीवरचा ट्रान्स्फॉर्मर ११,००० व्होल्टचे सुमारे ४०० करतो. तीन फेजेस जिथे एकत्र येतात तो मध्यबिंदू न्यूट्रल, आणि तो तिथेच जमिनीत नीट गाडलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो. याचं एक कारण सुरक्षेचं आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या आत बिघाड होऊन वरचा दाब खालच्या गुंडाळीत शिरला, तर तो घराघरात न पोचता जमिनीत जावा. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात. आपल्या इमारतीत काही घरं एका फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. न्यूट्रल मात्र सगळ्यांची सामाईक.

नाव न्यूट्रल म्हणून तिला कमी लेखू नका. जुन्या सभासदांना तो पावसाळा आठवत असेल. मीटर रूममधला न्यूट्रलचा सांधा सैल झाला होता. काही घरांत पंखे भिरभिरायला लागले आणि दिवे फटाफट उडाले, त्याच वेळी दुसऱ्या घरांत दिवे मिणमिणत होते. दोन टीव्ही आणि एक फ्रिज जळाला. ‘व्होल्टेज वाढलं’ असं सगळे म्हणत होते. खरं म्हणजे बाहेरून काहीच वाढलं नव्हतं. परतीची सामाईक वाट तुटली की दोन फेजेसवरची घरं एकमेकांशी साखळीत जोडली जातात आणि त्यांच्यातल्या ४०० व्होल्टची वाटणी विषम होते. ज्या बाजूला उपकरणं कमी, तिच्या वाट्याला जास्त दाब.

आणखी एक. बटण नेहमी फेजच्या तारेवर हवं. चुकून न्यूट्रलवर बसवलं तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला ते कळत नाही.

तिसरी तार

मग घरात लोखंड शिरलं. इस्त्री, शेगडी, टेबलफॅन, फ्रिज, गीझर. आमच्याकडे पहिली इस्त्री आली तेव्हा आई लाकडी पाटावर उभी राहून कपडे इस्त्री करायची, कारण हाताला झिणझिण्या यायच्या. पाटाने आईला जमिनीपासून तोडलं होतं, हे पदार्थविज्ञान तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फेजची तार आत कुठेतरी सोलली आणि धातूच्या अंगाला टेकली, तर ते अंगच फेज होतं. हात लावणारा माणूस जमिनीपर्यंतची वाट बनतो. यावर उपाय म्हणजे त्या धातूला आधीच एक सोपी वाट देऊन ठेवणं. ती अर्थिंगची तार. थ्री-पिनमधली तिची पिन लांब असते ती याचसाठी. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर फेज म्हणजे दिलेलं कर्ज, न्यूट्रल म्हणजे परतफेड आणि अर्थिंग म्हणजे जामीनदार. सगळं सुरळीत असेपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही. पण खातं थकलं की पहिला प्रश्न हाच, की जामीनदाराची ऐपत आहे ना?

ऐपत कशी मोजायची? साधा हिशोब आहे. जमिनीतून परतीच्या वाटेचा एकूण रेझिस्टन्स ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील आणि १६ अँपिअरचा एमसीबी पडेल. तोच रेझिस्टन्स १०० ओहम झाला तर वाहतील फक्त २.३ अँपिअर. एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गीझरचं अंग जिवंतच राहील. म्हणजे तार आहे, पण जामीनदार कंगाल.

तो कंगाल होतो कसा, हेही बघा. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधायची पद्धत होती. नळ गंजले, प्लंबरने प्लॅस्टिकचे पाइप टाकले आणि वायरमनला न कळता अर्थिंग तुटलं. दुसरी खोड म्हणजे अर्थिंग नाही म्हणून पॉइंटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची भोकं तुकड्याने जोडून देणं. दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात ना, असा युक्तिवाद असतो. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली तर फेज उपकरणातून फिरून थेट त्याच्या धातूच्या अंगावर येते. म्हणून दोन्ही तारा घरात वेगळ्याच राहायला हव्यात.

संध्याकाळचा टॅली

एमसीबी वायरिंगला वाचवतो. माणसाला वाचवायचं तर हिशोब फार बारीक लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं की साधारण १० ते १६ मिलिअँपिअरच्या पुढे माणसाला पकडलेली तार सोडता येत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी याच्या हजारपटीचा.

ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलं किती आणि न्यूट्रलमधून परत आलं किती, याचा तो सतत टॅली घेतो, अगदी कॅशिअर संध्याकाळी घेतो तसा. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की पापणी लवायच्या आत पुरवठा बंद. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर त्याला तूट दिसत नाही. त्यामुळे सावधगिरीला सुट्टी नाही.

रंगांचा घोटाळा

आपल्या भिंतीत लाल, पिवळी किंवा निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्या उपकरणांच्या वायरीत मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. निळ्यावरून गोंधळ होतो, तो यामुळे. जुन्या जर्मनीत तर लाल तार अर्थिंगची असे! आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे जरूर कळवावं, की तिकडे काळी तार म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी. इथला हात तिकडे चालवू नये.

आता आपलं काम

आपली इमारत बांधली तेव्हा घरटी एक गीझर धरला होता, एसी अपवादानेच. आता काय आहे ते आपण जाणतोच. मीटर रूममागे अर्थिंगचे दोन खड्डे आहेत. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, पण उन्हाळ्यात त्यांत पाणी घालावं लागतं. पार्किंगचं काम झालं तेव्हा त्यातला एक पेव्हर ब्लॉकखाली गेला. तो मोकळा करून दोन्हींचं रीडिंग परवानाधारक वायरमनकडून घ्यावं आणि दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावं, असा ठराव मी सुचवतो आहे. सभासदांनी आपापल्या घरी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात: आरसीसीबी आहे का, त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, आणि बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंग खरोखर पोचतं का. फर्निचर आणि फॉल्स सीलिंग होण्याआधीच, बरं का. नंतर भिंत कुणी फोडू देत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत या इमारतीत जी मुलं मोठी झाली, त्यांची मुलं आता त्याच पॉइंटांशी खेळताहेत. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका तीच काढतील. त्यांना आणि सर्व सभासदांना मनःपूर्वक शुभेच्छा!