निपाणीचा तंबाखू आणि माझा आकडा

चोर्ला घाट ओलांडून बेळगावला जाणे आम्हा गोंयकारांना नवे नाही. बाजार, कुंदा आणि दवाखाना, ही कारणे ठरलेली. गेल्या वर्षी मी गेलो तो हृदयाच्या सीटी स्कॅनसाठी. ना सुई, ना औषध. क्षणभर श्वास रोखायचा, दहा मिनिटांत मोकळे. धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजून आकडा देण्याची ही रीत अमेरिकेतल्या डॉ. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. शून्य म्हणजे उत्तम, ४०० च्या वर म्हणजे धोका मोठा.

डॉक्टरांनी विचारले, "विडी ओढता?" वीस वर्षे ओढली होती. वडिलांची पाहून लागलेली सवय... तंबाखू निपाणीचा!

त्याच निपाणीत १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशींबरोबर महामार्गावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात काहींचे जीव गेले. विड्या वळणाऱ्या बायकांचे खोकणे वेगळेच. पिकवणारा, वळणारी, ओढणारा. किंमत सगळ्यांनीच मोजली.

वडील छातीत कळ येऊन गेले, आधी कसलीच सूचना नाही. मला ती मिळाली: २१२. विडी त्याच दिवशी सुटली, गोळी सुरू झाली. मंडळी, स्कॅन रोग बरा करत नाही, आणि शून्य आला म्हणून विडी ओढायची मुभाही देत नाही. तो फक्त आपला हिशेब वेळेत दाखवतो.