आजोबांची सायकल आणि माझं टायटॅनियम

गेले दोन महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडीच आहे. फाइलचं नाव 'सायकल फायनल ७'. (सॉफ्टवेअरवाल्यांना 'फायनल'पुढे आकडा का येतो ते सांगायला नको.) त्यात अकरा टायटॅनियम ग्रॅव्हल बाइक आहेत. फ्रेमचे कोन, टायरची रुंदी, वजन, सगळं रकान्यांत मांडलंय. शेवटचा रकाना किमतीचा, अडीच लाखाच्या आसपास. आईने तो एकदा पाहिला आणि तेव्हापासून रोज विचारते, "एवढ्यात तर दोन गाड्या येतात नं रे?"

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रॅव्हल बाइक म्हणजे रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड आणि बसणं निवांत. गिट्टी, मुरूम, शेतातली पांदण, सगळीकडे चालावी अशी. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली कच्च्या रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी जेमतेम ३४ जण होते. पुढच्या दहाएक वर्षांत जगभरच्या कंपन्यांना हा 'नवा' प्रकार सापडला.

नवा हा शब्द अवतरणात का, ते आता सांगतो.

गांधीबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली आजोबांची सायकल पडून आहे. रॅले, चोवीस इंची, रॉड ब्रेकवाली. १९५८ साली हप्त्याने घेतलेली. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली तीच गिरणी. दिवाळीच्या साफसफाईत बाबा म्हणाले, "भंगारात टाकू या आता, जागा अडवून राहिली." मी म्हटलं थांबा, आणि सहज टायरची कड पुसून पाहिली. २८ गुणिले दीड इंच. आजच्या भाषेत ४०-६३५, म्हणजे टायरची रुंदी ४० मिलिमीटर.

माझ्या शीटमध्ये सात सायकलींपुढे टायरची रुंदी लिहिली होती: ४०!

मग काय, मोबाईलवर कोन मोजायचं अ‍ॅप टाकलं. हेड ट्यूबचा कोन अडुसष्टच्या आसपास निघाला. ग्रॅव्हल बाइकचा सत्तर-एकाहत्तर असतो, रेसच्या सायकलीचा त्र्याहत्तर. म्हणजे आजोबांची सायकल कच्च्या रस्त्याच्या बाबतीत माझ्या यादीतल्या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे. लांब व्हीलबेस, मागे झुकलेला काटा, जाड टायर... आणि यात आश्चर्य काहीच नाही. इंग्लंडमध्ये हा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्का झाला आणि तेव्हा तिथलेही बहुतेक रस्ते डांबरी नव्हते. तोच साचा वसाहतींत आला. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या सायकलींना आडकाठी झाली तेव्हा तो इथे मोठ्या प्रमाणावर बनू लागला. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले. आजोबांची सायकल या आसनसोलचीच.

तिची कामगिरीही तशीच होती. गिरणी घरापासून हाकेवर, त्यासाठी सायकल कशाला लागते! पण कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला आजोबा आजीला कॅरिअरवर बसवून कामठीवरून रामटेकला जायचे. एका बाजूने पन्नास किलोमीटरच्या आसपास. "डांबर होतं, पण मर्जीप्रमाणे," असं ते म्हणायचे. मागच्या महिन्यात मित्राची टायटॅनियम बाइक उसनी घेऊन मी त्याच दिशेने गेलो. आता तो चार पदरी महामार्ग आहे. मनसरपर्यंत ट्रकांच्या बाजूने जीव मुठीत धरून गेलो आणि तिथे गुगल मॅप्सवर शोधून एक कच्चा रस्ता काढला. आजोबांना जो रस्ता निवडता येत नव्हता, तो मला हुडकावा लागला.

खऱ्या अर्थाने 'ग्रॅव्हल' कोणी केलं असेल तर मुंबईच्या पोरांनी. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, चीन. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परतले. ७१ हजार किलोमीटर! ना टायटॅनियम, ना कार्बन. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

मग अडीच लाख नेमके कशाचे? आकाराचे नाहीत, हे उघड झालं. धातूचे. आणि धातूची गोष्ट मजेदार आहे.

टायटॅनियम काही दुर्मीळ नाही. आपल्या रत्नागिरीच्या आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, त्यातच ते आहे. अडचण ते बाहेर काढण्याची. १७९१ मध्ये इंग्लंडमधल्या एका पाद्र्याला ते काळ्या वाळूत सापडलं, पण उपयोगी धातू म्हणून मिळायला क्रोल नावाच्या लक्झेंबर्गच्या माणसाची पद्धत यावी लागली. तिचं पेटंट १९४० चं. धातू एका तापलेल्या बंद भांड्यात, मॅग्नेशियमबरोबर, हवा लागू न देता, घाण्यामागून घाणा काढायचा. पोलादासारखा अखंड ओघ नाही. म्हणून महाग. आपल्याकडे २०११ मध्ये केरळात चवरा इथे वर्षाला ५०० टनांचा कारखाना सुरू झाला. तो माल मुख्यतः रॉकेटसाठी, माझ्या सायकलीसाठी नाही :)

सायकलीला वापरतात तो मिश्रधातू (३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम) मुळात विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांचा. पोलादापेक्षा वजनाला साधारण पंचावन्न-साठ टक्के, पण लवचिकपणा दुप्पट, त्यामुळे नळी जाड व्यासाची घ्यावी लागते. तापल्यावर तो हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या आतसुद्धा आर्गॉन सोडतात. मधल्या किमतीत खरी परीक्षा इथेच. जोडाचा रंग चांदीसारखा किंवा फिका सोनेरी असेल तर ठीक. निळा-जांभळा किंवा राखाडी दिसला तर सरळ उठून यायचं. मी दोन सायकली याच कारणाने यादीतून काढल्या.

विक्रेते सांगतात की टायटॅनियम गंजत नाही. खरं आहे. पण मी नागपुरात राहतो. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि आजोबांची सायकल साठ-पासष्ट वर्षांत वरवरच गंजली आहे. हा मुद्दा मुंबईकरांनी घ्यावा.

मनसरला त्या कच्च्या रस्त्यावर डाव्या हाताला मँगनीजच्या खाणीचे ढिगारे दिसतात. १९०० च्या सुमारास मध्य प्रांतातलं मँगनीज काढणं सुरू झालं ते याच भागात, आणि पुढे ते बोटीने इंग्लंडला जाऊ लागलं. १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने ५३१ ही प्रसिद्ध सायकलनळी आणली, ती मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची. तिच्यात आपल्या रामटेक तालुक्याचा कण होता असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तिथे पाणी प्यायला थांबलो तेव्हा मला टायटॅनियमपेक्षा पोलादाबद्दलच जास्त प्रेम वाटलं, हे कबूल करतो.

शेवटी घेतली का? घेतली. स्वस्त पोलादाची घ्यावी असं तीन दिवस वाटत होतं, पण उसन्या बाइकवर परत येताना शंभर किलोमीटरनंतरही हात झिणझिणले नव्हते. (यातलं निम्मं श्रेय ४० च्या टायरचं, मला माहीत आहे.) आटे असलेला बॉटम ब्रॅकेट पाहून घेतला. तो आटा अजून बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सचा, इंचाला २४. अ‍ॅडव्हान्स भरलाय, सहा आठवडे लागतील. आईला किंमत थोडी कमी सांगितली आहे.

आणि रविवारी आजोबांची सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. नव्या बाइकचे टायर हिला बसणार नाहीत, तिची रिम ६२२ ची आणि ही ६३५. पण २८ दीड त्याच्याकडे टांगलेलेच होते. त्याने चाक फिरवून पाहिलं, बेअरिंगचा आवाज ऐकला.

"टायर-ट्यूब आजच टाकून देतो भाऊ. ब्रेकचे रबर मात्र संपले. मंगळवारी या."

मंगळवारी सुट्टी टाकली आहे.