सावल्यांची झुंज : बळ आणि युक्ती

सचेतनपटातील, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटातील, झुंज ही केवळ मुलांची करमणूक म्हणून आपण सोडून देतो. परंतु चित्रे हलवून युद्ध दाखविण्याची आपली कला चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे, आणि बळ श्रेष्ठ की युक्ती हा प्रश्न तिच्यापुढे सदैव राहिला आहे.

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामकथा दाखवीत आले. तेलुगू मुलखात असाच खेळ ‘तोलुबोम्मलाट’ म्हणून ओळखला जातो. पडद्यामागे बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते. राक्षस वाढविण्यास एवढीशी हालचाल पुरते. म्हणूनच नुसत्या आकाराचा धाक प्रेक्षकाला फार वेळ वाटत नाही. रेखाटलेल्या चित्राचेही तसेच आहे. त्याला वजन नाही, थकवा नाही. पुढे काय होणार, ही उत्कंठाच त्या झुंजीत प्राण ओतते.

सुंदरकांडात हनुमंताच्या वाटेवर तीन विघ्ने येतात. सुरसा मुख पसरते, तसा तो वाढत जातो. ती आणखी मोठी होताच अंगठ्याएवढा होऊन तो तिच्या मुखात शिरतो आणि बाहेर पडतो. सिंहिका त्याची सावलीच धरते. तेथेही तो देह आकसून आत शिरतो, परंतु तिचे मर्मच विदारतो. लंकेच्या द्वारी लंकिनीला मात्र डाव्या हाताची एक मूठ पुरते, आणि तीही राग आवरून मारलेली. कोठे किती बळ वापरावे, याचा हा विवेक आहे. देह वाढविणे आणि आकसणे ही तर सचेतनपटाची सहजभाषा. व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांच्या ‘हनुमान’ (२००५) या चित्रपटाला हा नायक लाभला, यात नवल नाही.

त्याच्या नव्वद वर्षे आधी, १९१५ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता. काडीला कसले बळ? तिची जागा किंचित बदलून एकेक चित्र टिपत जावे, तेव्हा कोठे ती चालू लागते. म्हणजे या कलेचा जन्मच योजनेतून झाला आहे.

२००८ मध्ये हैदराबादच्या राजीव चिलका यांचा ‘छोटा भीम’ दूरचित्रवाणीवर आला. प्राणहितेच्या अलीकडे, बेज्जूर परिसरात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतील मुलांनाही हा भीम परका नाही. तो लाडू खातो, अंगात बळ संचारते आणि शत्रू आडवा होतो. आपल्या लोककथेतील भीमाला मात्र बळ अपुरे पडते. चिरलेला जरासंध पुन्हा सांधला जातो. तेव्हा कृष्ण गवताची काडी उभी चिरून तिचे भाग विरुद्ध दिशांना टाकतो आणि भीमाला खूण पटते. लाडवात ही खूण नाही.

भीम हे नाव आपल्या भूमीत आणखी एका अर्थाने वंद्य आहे. कोमरम भीम यांनी निजामाच्या सशस्त्र सत्तेशी डोंगर-जंगलाच्या आश्रयाने झुंज दिली. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते धारातीर्थी पडले. २०१६ पासून बेज्जूर ज्या जिल्ह्यात आहे, तो त्यांचेच नाव धारण करतो. तेथे युक्ती होती, धैर्य होते, तरीही बंदुकांपुढे प्राण गेले. पडद्यावरचा आपटलेला वीर पुढच्या भागात उठून बसतो. जोडेघाटचे वीर उठले नाहीत.

म्हणून नातवंडांना हे खेळ पाहू द्यावेत. परंतु खेळ संपल्यावर काडीची खूण आणि जोडेघाटची हकीगत त्यांना मराठीत सांगावी. दोन पिढ्यांनी ते सांगितले नाही, तर आपल्या घरांत भीम राहील तो लाडवाचाच.