मस्टँग : बेवारस ते बेलगाम

'मस्टँग' म्हटलं की आज १९६४ची फोर्ड गाडी आठवते. त्याआधी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ विमानाला हेच नाव दिलं होतं. मूळ मात्र स्पेनच्या कुरणांत आहे. तिथल्या पशुपालकांच्या संघाला, 'मेस्ता'ला, दहाव्या आल्फोन्सो राजाने १२७३मध्ये सनद दिली. मालक न सापडलेलं चुकार जनावर या संघाकडे जाई, ते 'मेस्तेन्यो'. स्पॅनिशांनी अमेरिकेत नेलेले घोडे सुटले, माळरानांवर वाढले, त्यांनाही हेच नाव पडलं आणि मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून हा शब्द इंग्रजीत 'मस्टँग' झाला. म्हणजे हे घोडे मुळात रानटी नव्हेतच. माणसाळलेल्या घोड्यांचेच वंशज! बेवारसपणाचा शिक्का पुसून स्वातंत्र्याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या टापांनी कमावला, हे मला फार मोलाचं वाटतं. नेपाळच्या मुस्तांगचा मात्र याच्याशी संबंध नाही. ते नाव तिबेटी आहे.