बाळाचं हाड मोडलं कसं?

चालताही न येणाऱ्या बाळाच्या मांडीचं हाड मोडलं, तर 'कसं मोडलं?' हे विचारायलाच हवं. पण हा साधा प्रश्न डॉक्टरांच्या अंगवळणी पडायला शंभर वर्षं लागली.

१८६० साली पॅरिसच्या आंब्रुआझ तार्द्यू यांनी मुलांच्या क्रूर छळाच्या ३२ घटना नोंदवल्या. वैद्यकविश्वाने फारसं लक्ष दिलं नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांना सहा बाळांत मेंदूभोवती साकळलेलं रक्त आणि मोडलेली हाडं एकत्र दिसली. पडल्याची समाधानकारक हकीकत नव्हती. तरी त्यांनी पालकांवर थेट ठपका ठेवला नाही.

१९६२ मध्ये डेन्व्हरचे हेन्री केंप यांनी ते उघड मांडलं. ७१ रुग्णालयांत वर्षभरात अशी ३०२ मुलं आढळली होती, ३३ दगावली. दुखापतीशी न जुळणारी हकीकत आणि वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडं, या खुणा आजही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी अशी शंका कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं.

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरचा लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणं सर्वांनाच सक्तीचं केलं. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मारहाणीची शंका असली, तर १०९८ ही हेल्पलाइन आहे.

गुन्हा सिद्ध करणं डॉक्टरांचं काम नाही. नीट तपासणं, नोंदवणं आणि वेळेत कळवणं हे मात्र त्यांचंच काम आहे.