मुक्काम आणि ओझे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवणाऱ्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने दक्षिणापथातील दोन नगरांचा निर्देश आवर्जून केला आहे: भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. तगर म्हणजे तेरणेच्या काठचे, गोरोबाकाकांचे तेर, असा निर्णय फ्लीट यांनी 1901 साली मांडला व तो आता विद्वन्मान्य झालेला आहे. तेथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून, भडोचेस पोहोचविली जात असे. त्या व्यापाऱ्याने अंतर सांगितले ते दिवसांत, आणि दहा दिवस म्हणजे दहा मुक्काम. दिवसाला पाचसहा कोस चालून बैल जेथे थांबतील तेथे पाणी असलेच पाहिजे, चारा असलाच पाहिजे, आणि रात्री राखण करता येईल अशी जागाही असली पाहिजे. या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे मुक्काम ठरला, आणि मुक्काम ठरला की बरोबर काय घ्यावयाचे हेही ठरले.

धाराशिव जिल्ह्याचा बहुतेक भाग बालाघाटाच्या पठारावर वसलेला आहे. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. तेरणा, बोरी यांसारख्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या. काळी जमीन पावसाळ्यात पावलाला धरून ठेवणारी. अशा मुलखात अनेक दिवसांचा पायी प्रवास करणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वीच द्यावे लागे: ओझे कोणाच्या पाठीवर जाणार? माझ्या मते प्रवासाच्या साहित्याचा इतिहास हा वस्तूंचा इतिहास नसून या एका प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे, आणि ती सर्व उत्तरे या एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

पहिले उत्तर बंजाऱ्यांचे. कोकणपट्टीतून मीठ वर आणावे आणि देशावरून धान्य खाली न्यावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. ओझे बैलांच्या पाठीवरच्या दुहेरी गोण्यांत. तांड्याचा नायक चालविणारा खरा, पण मुक्काम कोठे पडावयाचा हे पुष्कळदा एक बैलच ठरवी. हाताडिया नावाच्या या पूज्य बैलाच्या पाठीवर कधीही ओझे लादीत नसत. तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, कवड्या आणि घुंगरे यांनी शृंगारलेला तो बैल तांड्याच्या अग्रभागी चाले आणि जेथे तो बसे तेथे त्या दिवसाची वाटचाल संपे. यात भाबडेपणा पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की बिनओझ्याचा बैल जेथे बसतो तेथे ओझ्याचे बैल त्याआधीच थकलेले असतात. मग गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचावयाची, माणसे आणि गुरे तिच्या आत, कुत्री बाहेर राखणीला. जे दिवसभर वाहिले तेच रात्री तटबंदीच्या कामी आले. केवळ छावणीसाठी म्हणून एकही वस्तू न वाहणारी इतकी नेटकी व्यवस्था मला अन्यत्र आढळलेली नाही. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या बाजूंना आज जे तांडे वस्तीरूपाने दिसतात ते या चालत्या तांड्यांचेच वंशज होत.

दुसरे उत्तर बादशाही फौजांचे. मोगलांच्या स्वारीत डेऱ्यांचे दोन संच असत. एकात मालक झोपला असता दुसरा, ज्याला पेशखाना म्हणत, पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे, म्हणजे पोहोचताक्षणी सर्व सिद्धता तयार. या डामडौलाच्या मागे लाखो जनावरे चालत. आसफखानाच्या दख्खनच्या स्वारीबरोबर भंगी आणि जंगी या दोन बंजारा नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते, असे परंपरा सांगते. आकडा अतिशयोक्त मानला तरी प्रमाण कळते. अशा फौजेचे काय होते हे परंड्याच्या किल्ल्याने दोनदा दाखवून दिले. 1631 मध्ये, दख्खनचा तो भीषण दुष्काळ चालू असताना, आझमखानाने किल्ल्यास वेढा घातला आणि वैरण मिळेना म्हणून उठविला. 1634 मध्ये शहाजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांनी पुन्हा वेढा घातला. सुरुंग लागले, झुंजी झाल्या, सरदारांत हेवेदावे माजले, परंतु शेवटी छावणीभोवती कित्येक कोसांपर्यंत ना गवत उरले ना जळण, पावसाळा डोक्यावर आला, आणि शाहजादा बऱ्हाणपूरकडे परतला. महाबतखान त्याच वर्षी निवर्तला. परंड्याची तटबंदी बळकट होती यात शंका नाही. परंतु तिच्याइतकेच काम भोवतालच्या उघड्याबोडक्या माळाने केले. या दोन वेढ्यांच्या मधल्या काळात, 1632 साली, मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ याच किल्ल्यावरून विजापुरास नेण्यात आली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे तिला लागली म्हणतात. या जिल्ह्याच्या वाटांवरून याहून जड वस्तू कधी गेली असेल असे वाटत नाही.

तिसरे उत्तर सांगताना लेखणी जड होते. 1853 च्या तहाने नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला व 1860 मध्ये परत गेला. या मधल्या काळात मेडोज टेलर हा गृहस्थ नळदुर्गास डेप्युटी कमिशनर होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची त्याची ‘तारा’ ही कादंबरी 1863 ची. इंग्रजी अंमल असो की निजामी, हिवाळ्यात जमाबंदीसाठी अंमलदारांनी तंबू घेऊन दौऱ्यावर निघावे हा शिरस्ता दोन्हीकडे सारखाच होता. आमराईत डेरा पडे. पेशकार, शिरस्तेदार, चपराशी भोवती. पाटील-कुलकर्ण्यांनी गवत, सरपण, दूध आणि कोंबड्या यांची बरदास्त ठेवावयाची. आणि हे सारे सामान एका गावाहून दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत न्यावयाचे कोणी? गाड्यांवर मावले ते गाड्यांवर, उरलेले वेठीने, आणि वेठ प्रामुख्याने महार-मांग वतनदारांच्या माथी. घडीच्या खुर्च्या, पितळेची घंगाळी, दप्तराच्या पेट्या, यांची निवड करणाऱ्या हाताला त्यांचे वजन कधी कळले नाही. म्हणूनच ती यादी वाढत गेली. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. दौऱ्याच्या तंबूंची रमणीय वर्णने वाचताना ही परिषद ज्याच्या मनात येत नाही, त्याने या विषयाचे अर्धेच दफ्तर उघडले असे मी म्हणेन.

आता चौथे उत्तर, स्वतःच्या पाठीचे. आणि येथे थोडे थांबावयास हवे.

पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते आणि आषाढी दशमीपर्यंत पंढरीस पोहोचते. वाट खर्ड्यावरून, जेथे 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाला किल्ल्यात कोंडले, दांडेगाव, अनाळे, आणि मग तेच परंडे. शेगावची गजानन महाराजांची पालखी कळंब, ढोकी, धाराशिव, तुळजापूर असा जिल्हा ओलांडून सोलापूरकडे उतरते. शुजाच्या फौजेला ज्या माळाने पोसले नाही तो माळ दरवर्षी हजारो वारकऱ्यांना पोसतो. फौजेला भोवतालच्या मुलखातून घ्यावयाचे होते. दिंडीला गाव आपण होऊन देते, आणि कोणत्या गावी दुपारचा विसावा, कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या वाड्यातून झुणका-भाकरी हे आजा-पणजांपासून ठरलेले असते. देणे असे आधीच ठरून गेल्यामुळे घेणाऱ्याची पडशी हलकी राहते.

त्या पडशीत काय असे? एक धोतर, एक सदरा, तांब्या, टाळ, बुक्क्याची डबी, चंची, आणि पहिल्या दोनचार दिवसांची शिदोरी. शिदोरी म्हणजे या भागात ज्वारीची कडक भाकरी, जी पापडासारखी वाळवली म्हणजे कित्येक दिवस टिकते, आणि शेंगांची चटणी. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या आधी संपवावयाच्या, कडक भाकरी मागे राखावयाची; हा क्रम घरची बाई गाठोडे बांधतानाच लावून देई, दशम्या वर, भाकरी तळाशी.

आणि खांद्यावर घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्यांची खळ देऊन ताठ केलेली. नवी घोंगडी अंगाला टोचते, आणि नवी असतानाच पाऊस सर्वांत चांगला झाडते. एक कोपरा दुमडून खोळ केली की डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माणूस झाकला जातो. पाऊस थांबला की तीच अंथरूण, थंडी पडली की पांघरूण, धान्य वाटावयाचे झाले की गोणपाट, मूल निजवावयाचे झाले की झोळी. भिजल्यावर ती जड होते आणि मेंढवाड्याचा वास सोडते, हे खरे. परंतु भिजलेली लोकरही ऊब देते, जी भिजलेल्या सुताला कधीच देता येत नाही. पायांत वहाणा असत, पण ज्येष्ठाच्या अखेरीस मृगाच्या सरींनी काळी माती चिकटू लागली की त्या काढून हातात घ्याव्या लागत. चिखलाने जड झालेल्या वहाणेपेक्षा अनवाणी पाय बरा.

मुक्कामाची शिस्तही तितकीच विचारपूर्वक बसविलेली. चालताना पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया. चोपदाराची काठी वर झाली की सर्व स्तब्ध. संध्याकाळी तळ पडला की कोणी विहिरीकडे, कोणी सरपणाला, कोणी तीन दगडांची चूल मांडावयास. प्रत्येकाला आपले काम ठाऊक, सांगणे नाही. समाजआरती, हरिपाठ, पंगत, कीर्तन, आणि मग पायांना तेल चोळून झोप. पहाटे काकडा, ओढ्यावर स्नान, घोंगडीची वळकटी, आणि सूर्य वर येण्यापूर्वी पहिले दोन कोस मागे पडलेले. भजनाच्या या वेळापत्रकात देहाची सोय किती खुबीने गुंफली आहे! उन्हाच्या आधी चालणे, भर उन्हात विसावणे, अंधारापूर्वी तळ गाठणे, हे सर्व देवाच्या नेमाने घडून येते, त्यामुळे आळशालाही ते चुकविता येत नाही.

बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आणि 1911 मध्ये येडशी, ढोकीवरून लातूरपर्यंत गेली, तेव्हा या मुलखातील बैलाच्या पाठीवरचा उरलासुरला व्यापार संपला. वारीची वाट मात्र रेल्वेने मोडली नाही. दिंडीचे सामान आधी बैलगाडीवर आणि आता ट्रकवर चढले, भिशीचा स्वयंपाक गॅसवर होऊ लागला, घोंगडीच्या जागी मेणकापड आले, आणि वृद्धांना व बायाबापड्यांना त्यामुळे वारी साधली हे चांगलेच झाले. पण ट्रकमध्ये जागा आहे म्हणून गादी, गादी आहे म्हणून पेटी, अशी यादी पुन्हा वाढू लागलेली दिसते, आणि गावांनी पूर्वी जे विहिरीतून दिले ते आता टँकरने पुरवावे लागते. परंडे, भूम, कळंब, तुळजापूर या तालुक्यांतील पालखीमार्गावरचे जुने आड, बारवा आणि मठ यांची गाववार नोंद, कोणत्या दिंडीचा मुक्काम कोणत्या पाण्यावर होता या तपशिलासह, म्हाताऱ्या वीणेकऱ्यांना विचारून आताच लिहून काढली पाहिजे. ज्यांनी त्या पाण्यावर आंघोळी केल्या ती माणसे अजून आहेत, आणि त्या बारवांपैकी बऱ्याच गाळ काढला तर पुन्हा भरू शकतील.