सेवेचे शिक्षण, कर्जाचे ओझे : बडोद्याच्या करारापासून चिखलीच्या बँकेपर्यंत

१/ बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीत एखाद्या मुलाने समाजकार्याची पदवी घ्यायचे ठरवले, की घरात पहिला प्रश्न उठतो : यात पगार किती? कर्ज काढले तर ते फिटणार कशातून? प्रश्न रास्त आहे, आणि महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्याच्या उत्तरांचा हा इतिहास. 🧵

२/ इंग्रजी अमदानीत चिखली हा वऱ्हाडातील तालुका होता. जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणा गावही याच तालुक्यात मोडत असे. कापसाच्या या मुलखाला कर्जाचे गणित ठाऊक होते : पेरणीला उचल, सुगीला फेड. शिक्षणाचे कर्ज मात्र निराळे. त्याची सुगी केव्हा येईल आणि किती येईल, हे पेरताना कळत नाही.

३/ पहिले उत्तर मुंबईचे. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. ती देणगी नव्हती. ते परतफेडीचे कर्ज होते. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर होत्या, वैद्यकीच्या विद्यार्थिनी. डॉक्टरला रुग्ण मिळतात आणि रुग्णांतून कमाई होते. तेथे कर्जाचा हिशेब जुळण्यासारखा होता.

४/ दुसरे उत्तर पुण्याचे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद २० वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची प्रतिज्ञा घेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वेतन होते मासिक ७५ रुपये. १९०५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजात सदस्याने स्वतःसाठी धन मिळवायचे नाही, असा नियम होता. चरितार्थ संस्था पाहणार. कमाई थोडी, पण निश्चित.

५/ तिसरे उत्तर बडोद्याचे. ४ जून १९१३ रोजी तरुण भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. मोबदल्यात शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानची चाकरी. फेड पैशांत करायची नव्हती. सेवेत करायची होती.

६/ हिशेब मांडू. साडेअकरा पौंड दरमहा म्हणजे तीन वर्षांत ४१४ पौंड. त्या काळी एका पौंडाचे १५ रुपये, म्हणजे सुमारे ६,२०० रुपये. गोखल्यांच्या ७५ रुपयांच्या मापाने ही जवळजवळ सात वर्षांची कमाई. एवढी रक्कम गरीब घरातल्या मुलाला कोणता सावकार देता?

७/ कागदावर करार दोघांच्याही सोयीचा होता. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत ते ओळख लपवून उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. पदवी होती, नोकरी होती, पण राहायला छप्पर नव्हते. १० वर्षांचा करार काही दिवसांतच कोलमडला.

८/ पुढे नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी १,५०० रुपये दिले, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला परतले.

९/ या प्रकरणाचा धडा मोठा आहे. शिक्षणाचे ऋण पदवीने फिटत नाही, कमाईने फिटते. आणि कमाईचे दार सर्वांना सारखे उघडे नसते. १९४४ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात फेड नव्हती आणि चाकरीची अटही नव्हती.

१०/ दरम्यान सेवेचेच शास्त्र झाले होते. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने, दोराबजी टाटा न्यासाच्या पैशावर, मुंबईत समाजकार्याचे पहिले विद्यालय उघडले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली.

११/ पण शिकलेल्याला काम कोण देणार? एक उत्तर कायद्याने दिले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. कायद्याने पद निर्माण केले, तेव्हा पदवीला बाजार मिळाला. मात्र असे कारखाने मुंबई-पुण्याकडे. चिखलीसारख्या शेतीच्या तालुक्यात ते विरळच.

१२/ समाजकार्याचे उरलेले बरेच काम संस्थांच्या अनुदानावर आणि मुदतीच्या प्रकल्पांवर चालते. प्रकल्प संपला की नोकरी संपते. डॉक्टर-वकिलांप्रमाणे सरसकट कायदेशीर नोंदणीचे कुंपणही या व्यवसायाला नाही. म्हणून पदवी असूनही पगार दबलेला राहतो.

१३/ २००१ पासून बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. ४ लाखांपर्यंत तारणाची गरज नाही. पण हप्ता पदवीचे नाव विचारत नाही. ३ लाखांचे मुद्दल १० वर्षांत फेडायचे, तर व्याज सोडूनही महिन्याला २,५०० रुपये लागतात. अभियंत्याला आणि समाजसेवकाला सारखेच.

१४/ शिष्यवृत्तीचा आधार ढळला की काय होते, हे २०१८ च्या फेब्रुवारीत दिसले. मागास प्रवर्गांतील शिष्यवृत्तीधारकांची शुल्कमाफी काढून घेतल्याच्या निषेधार्थ टाटा समाजविज्ञान संस्थानाचे विद्यार्थी संपावर गेले. मुंबईसोबत मराठवाड्यातील तुळजापूरचे संकुलही त्यात होते.

१५/ चारही व्यवस्था शेजारी ठेवून पाहाव्यात. पुण्यात जोखीम संस्थेने उचलली, बडोद्यात संस्थानाने, १९४४ मध्ये सरकारने. बँकेच्या कर्जात ती विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या घराच्या माथी आली. सेवेचा लाभ साऱ्या समाजाला. सुगी बुडाली तर तोटा एका घराला.

१६/ म्हणून चिखलीतल्या त्या आईबापांचा प्रश्न कोत्या मनाचा ठरत नाही. आधी शिष्यवृत्ती पाहावी, मग कर्ज. आणि कर्ज काढण्यापूर्वी त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना काय काम व किती वेतन मिळाले, हे विचारावे. आंबेडकरांनी आपले शिक्षण पुरे केले, पण त्यासाठी त्यांना एक करार, एक मित्र आणि एक राजा लागला. प्रत्येकाच्या वाट्याला भथेना आणि शाहू महाराज येत नाहीत. म्हणूनच शिष्यवृत्ती लागते.